गळकं छप्पर आणि थकलेलं छप्पर

मृग लागायच्या आधीच्या पंधरवड्यात वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात गेलं, तर माणसं घरांच्या माथ्यावर दिसतात. अकोटकडे कुणी धाब्यावर मातीची पाटी रिती करत असतो, दर्यापुरात कुणी टिनाच्या भोकांना डांबर लावत असतो, धारणीच्या रस्त्यावरच्या खेड्यात कवेलू फेरणं चाललेलं असतं. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये गच्चीवरच्या भेगांत सिमेंट भरलं जात असतं. प्रत्येकाला एकच धास्ती असते: यंदा घर गळू नये.

ही धास्ती खरी आहे, पण अर्धी आहे. छपराला कामं दोन असतात. वरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे पहिलं. स्वतःचं वजन, वाऱ्याचा जोर आणि वर चढलेल्या माणसाचा भार पेलायचा, हे दुसरं. पहिलं काम बिघडलं की लगेच कळतं, कारण अंथरूण भिजतं. दुसरं बिघडत असताना मात्र वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. म्हणून आपण गळतीला घाबरतो आणि वाकलेल्या मयालीखाली, म्हणजे छपराच्या तुळईखाली, निर्धास्त झोपतो. गळकं छप्पर बहुतेक वेळा दुरुस्त होतं. बदलावं लागतं ते थकलेलं छप्पर, मग ते गळत असो वा नसो. या दोहोंतला फरक घरच्या माणसाला ओळखता यावा, एवढ्यासाठी हे प्रकरण आहे.

फरक न ओळखल्याची किंमत केवढी असते हे अमरावतीने पाहिलं आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी शहराच्या मध्यवर्ती भागात, प्रभात चौकात, एक शिकस्त इमारत कोसळली आणि पाच जणांचा जीव गेला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पावसाळा संपला म्हणजे जुन्या घराचा धोका टळला, असं मानायची आपली सवय आहे. पण चार महिने पाणी प्यालेली भिंत, कुजलेलं लाकूड आणि गंजलेली सळई पावसाबरोबर परतत नाहीत.

धाबं : माती वाढत जाते, लाकूड तेवढंच राहतं

पूर्णेच्या खोऱ्यातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. सागाच्या किंवा बाभळीच्या मयाली, त्यांवर फाटे, फाट्यांवर तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाट्यांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर वीतभर माती. ही माती शेतातली चालत नाही. गावठाणातली पांढरी किंवा खारवट, चोपण माती लागते. तिचे कण पाणी लागताच सुटे होतात आणि बारीक छिद्रं बुजवून टाकतात, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही. पीक घेताना जो दोष, तोच छपरावर गुण ठरतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हाच थर दुपारचा ताव आत येऊ देत नाही. धाबं टाकाऊ झालं, असं म्हणणाऱ्याने एक दुपार धाब्याखाली आणि एक टिनाखाली काढून पाहावी.

धाब्याचा धोका त्याच्या वजनात आहे. दहा बाय दहा फुटांची खोली घ्या. वीतभर म्हणजे साधारण २० सेंटीमीटरचा थर धरला, तर पावणेदोन-दोन घनमीटर माती होते. कोरड्या, दाबलेल्या मातीचं वजन घनमीटरमागे सुमारे १,६०० किलो. म्हणजे एका खोलीवर जवळजवळ तीन टन माती आहे. झड लागली आणि मातीने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरलं, की त्यात आणखी सहाशे किलो आले. आता दरवर्षीची दुरुस्ती पाहा. गळालं की वर माती टाकायची. दोन सेंटीमीटरचा थर म्हणजे तीनशे किलो. त्यातली काही पावसात वाहून जाते, काही उरते. आजोबांच्या वेळच्या मयालीवर नातवाच्या काळापर्यंत किती भार चढला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. लाकूड मात्र तेच असतं, आणि दरवर्षी थोडं कमीच होतं.

म्हणून धाब्याची तपासणी खालून करावी. आधी मयालीचं टोक पाहावं, जिथे ती भिंतीत शिरते. ओल तिथे कोंडते आणि लाकूड तिथून कुजायला लागतं. दाभण घेऊन टोचावं. निरोगी सागात ते जेमतेम टेकतं. कुजलेल्या लाकडात बोटभर आत जातं. हातोडीने ठोकून पाहावं. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, वाळवीने पोखरलेलं बद्द वाजतं. मग खांबाचा पाया पाहावा. जुन्या घरांत छपराचा भार पुष्कळदा भिंतींत दडलेल्या खांबांवर असतो, माती किंवा विटा नुसत्या मधली जागा भरतात. भिंतीला खाली लोणा लागला असेल, तर त्याच ओलीत खांबाचं बूड कुजत असतं. वरची मयाल शाबूत दिसते म्हणून छप्पर शाबूत, असं समजू नये.

शेवटची परीक्षा दोरीची. मयालीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरायची आणि मधोमध दोरी व लाकूड यांत किती अंतर पडतं ते मोजून भिंतीवर तारखेसह लिहायचं. जुनं लाकूड थोडं वाकतंच, त्याने घाबरायचं कारण नाही. वैशाखात जेवढा बाक होता, तेवढाच दसऱ्याला असेल तर मयाल स्थिर आहे. तेवढ्या काळात तो वाढला असेल, तर ती भार सोडू लागली आहे.

निर्णय असा करावा. लाकूड चांगलं आणि पाणी गळतं, तर छप्पर बदलायचं नाही; जुनी माती पूर्ण उतरवायची आणि हिशेबाने नवा थर घालायचा. काढल्याशिवाय टाकायची नाही, हा धाब्याचा पहिला नियम. एखादीच मयाल खराब असेल, तर वरची माती उतरवून, आजूबाजूला टेकू देऊन तेवढी बदलता येते. दोन-तीन मयाली, त्यांची टोकं आणि खांबांची बुडं एकदम गेली असतील, तर त्या धाब्याचं आयुष्य संपलं. त्यावर आणखी एक पाटीही माती टाकू नये.

जड मातीचं छप्पर काय करू शकतं, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात पाहिलं. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीची जाड माळवदं होती. धक्क्याने भिंती फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो जीव गेले. त्या गावांतली कित्येक माळवदं पावसात गळतही नसतील. पाणी अडवण्याचं काम ती चोख करत होती, भाराचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

कवेलू : रेघ पाहा

मेळघाटात चित्र बदलतं. तिथे पाऊस सपाटीच्या मानाने खूप जास्त, म्हणून छप्पर उतरतं आणि त्यावर कवेलू. कोरकू आदिवासींच्या गावांत एका रांगेतली अशी घरं आजही दिसतात. कवेलूचा गुण असा, की एक फुटलं तर एकच बदलायचं. दरवर्षी उन्हाळ्यात सगळी उतरवून, झटकून, फुटकी वेगळी करून पुन्हा लावायची. या फेरणीत छपराची तपासणी आपोआप होत असे, कारण खालचे बांबू आणि फाटे वर्षातून एकदा उघडे पडत.

ही शिस्त आता मोडत चालली आहे. वानरांचा कळप एका फेरीत शंभर कवेलू सरकवतो. गावात भट्टी लावणारे कुंभार कमी झाले, त्यामुळे फुटल्याच्या जागी त्याच मापाचं कवेलू मिळत नाही. मग वर प्लास्टिकची पन्नी टाकली जाते. पन्नीने पाणी थांबतं, पण खालचं लाकूड कोंडून राहतं आणि वाळत नाही. ते कुजतंय हे पन्नी असेपर्यंत दिसतही नाही.

इथे दोन गोष्टी पाहाव्यात. भरदुपारी दारं लावून आत उभं राहावं आणि वर पाहावं. उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे कवेलू फुटलं किंवा सरकलं आहे; ते काम फेरणीचं. मग घरापासून लांब जाऊन आड्याची रेघ पाहावी. रेघ सरळ असेल तर सांगाडा धड आहे. मधे खोलगट झाली असेल, किंवा एका बाजूला फाट्यांचा उतार पोटात गेलेला दिसत असेल, तर लाकडाने भार सोडला आहे. मग कितीही कवेलू फेरली तरी घर गळणारच, कारण उतार बिघडला की पाणी उलटं, सांध्यातून आत जातं.

टिन : हलकेपणाचा धोका

धाब्याला आणि कवेलूला कंटाळलेला माणूस टिन टाकतो. स्वस्त पडतं, लवकर होतं, वानरांनी फुटत नाही. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. धाब्याच्या तुलनेत साठ-सत्तर पटींनी कमी. घरावरचा भार गेला, हे खरंच मोठं सुख आहे. पण हलक्या छपराचा धोका उलट्या दिशेने येतो.

ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो. उतरत्या पत्र्यावरून वारा जातो तेव्हा यातला बराचसा जोर पत्र्याला वर ओढतो, कडांना सर्वांत जास्त. पाच किलोच्या पत्र्याला चाळीस-पंचेचाळीस किलोची ओढ. दहा बाय दहाच्या खोलीवर हे चारशे किलोच्या वर जातं. टिनावर ठेवलेले चार-सहा दगड याला पुरे पडत नाहीत; वावधानात तेच दगड उडून कुणाच्या तरी डोक्यात बसतात. टिनाला धरून ठेवतात ते हुक, नट आणि खालचा पाइप किंवा अँगल. आणि पाइपला धरून ठेवते ती त्याची भिंतीतली पकड. जुनं धाबं काढून मातीच्या भिंतीवर नुसते पाइप टेकवले आणि वर टिन ठोकलं, तर त्या घराला छप्पर आहे असं म्हणता येणार नाही. पाइप खांबाला किंवा भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला पक्के बांधलेलेच हवेत.

टिनाची तपासणी करताना गंजाचा रंग वाचावा. नव्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. वरचा राखाडी रंग फिका पडला तरी काळजी नाही. तांबूस गंज दिसला की जस्त संपलं. तो गंज हुकाभोवती आणि एखाद्या कोपऱ्यात असेल, तर वायसर बदलून, घासून, रंग देऊन काही वर्षं निघतात. पत्रे जिथे एकमेकांवर चढतात त्या सगळ्या जोडांत गंज पसरला असेल, पेचकसाचं टोक दाबल्यावर आत जात असेल, तर डांबराचं ठिगळ फार तर एक पावसाळा काढेल. आणि पाइप गंजून पातळ झाले असतील, तर पत्रे कितीही नवे असोत, सांगाड्यासकट बदलायला हवं.

टिन काय पेलू शकत नाही, हे अकोला जिल्ह्यातल्या पारसने दाखवून दिलं. बाळापूर तालुक्यातल्या या गावात ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अवकाळी वादळ आलं. बाबूजी महाराज संस्थानाच्या आवारात टिनाच्या शेडखाली भाविक आडोशाला थांबले होते. जवळचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं आणि सात जणांचा मृत्यू झाला. टिनाचं छप्पर पाऊस आणि ऊन अडवतं. झाडाचा भार घेण्यासाठी ते केलेलंच नसतं. म्हणून टिनाच्या घराची पाहणी घराच्या उंबऱ्याशी संपत नाही. छपरावर येणारी फांदी, पोकळ झालेला बुंधा, मुळाशी उकरलेली माती, हेही त्याच पाहणीत आलं. आणि पावसाळ्याआधीचं वादळ चैत्र-वैशाखात येतं, म्हणून फांद्या होळीपूर्वीच छाटायला हव्यात.

जुन्या घरांवर आणि गोदामांवर राखाडी सिमेंटचे पत्रेही सापडतात. त्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते फुटताना किंवा कापताना उडणारी धूळ श्वासात गेली तर फुफ्फुसाचे असाध्य आजार होतात. असे पत्रे बदलताना ते फोडायचे नाहीत. ओले करून, नट सोडून अख्खे उतरवायचे. त्यांवर पाय देऊन चढणं तर जिवावरचं, कारण ते इशारा न देता फुटतात.

स्लॅब : आतून खाणारं मीठ

स्लॅब टाकला की पिढ्यान्‌पिढ्यांची ददात मिटली, असा आपला समज. १९८३ मध्ये अमरावतीची महानगरपालिका झाली. त्या सुमारास पडलेले स्लॅब आज चाळिशीच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांतल्या कितींची कुणी तपासणी केली असेल?

स्लॅबची ताकद काँक्रीट आणि सळई यांच्या जोडीत आहे. ताज्या काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर राहतो आणि ती गंजत नाही. हा थर दोन कारणांनी मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून काँक्रीटचा अल्कधर्म कमी करतो, हे एक. दुसरं कारण क्लोराइड, म्हणजे मीठ. वऱ्हाडात हे दुसरं कारण मोठं आहे.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा तालुक्यांतल्या कित्येक गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. घर बांधताना मात्र तेच पाणी सिमेंटमध्ये कालवलं जातं आणि स्लॅबवर तेच मारलं जातं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४५६ या संहितेत सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खारं पाणी वापरलं तर छपराचा शत्रू पहिल्याच दिवशी आत जाऊन बसतो. वान धरणाच्या पाण्यावरची ८४ खेडी योजना अकोट-तेल्हाऱ्यात पिण्याचं गोड पाणी देते. तिचं किंवा दुसऱ्या कुठल्या गोड्या स्रोताचं पाणी टँकरने आणून स्लॅबसाठी वापरणं खर्चिक वाटतं. वीस वर्षांनी स्लॅब फोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, अगदी दुपटीपासून सहापटीपर्यंत. सळई आतून फुगते आणि खालच्या आवरणाला ढकलून बाहेर काढते. याचे टप्पे ठरलेले असतात आणि ते ओळखता येतात. आधी छताला खालून तपकिरी डाग पडतात. मग सळईच्या रेषेत सरळ, एकमेकींशी समांतर भेगा उमटतात. त्यानंतर हातोडीने हलकं ठोकल्यावर तिथे पोकळ आवाज येतो. शेवटी पोपडे पडतात आणि सळई उघडी होते. पहिल्या दोन टप्प्यांत घर वाचवणं सोपं असतं. चौथ्या टप्प्यावर गिलाव्याचा नवा थर थापून रंग लावणं म्हणजे रोग झाकणं. सळई तार ब्रशने साफ केल्यावर बारीक झालेली, खवले सुटणारी निघाली, आणि असं एका कोपऱ्यात न राहता खोलीभर असलं, तर त्या स्लॅबचा निर्णय संरचना अभियंत्याकडून करून घ्यावा. बहुधा तो नव्या स्लॅबचाच असेल.

छतावर नुसती पांढरी, फुलं फुटावीत तशी खार दिसत असेल, तर पाणी काँक्रीटमधून फिरतंय एवढाच अर्थ. ते जलरोधनाचं काम आहे. पण जलरोधन करतानाही धाब्याचीच चूक पुन्हा होते. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला जातो. दहा सेंटीमीटरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. माणसं वावरतील अशा गच्चीवर वावराचा भार म्हणून संहिता धरते फक्त दीडशे किलो. जुना थर उकरल्याशिवाय नवा घालायचा नाही. पाण्याच्या टाकीचंही तसंच. अकोल्यात नळ काही दिवसांआड येतो, म्हणून घरोघरी मोठ्या टाक्या बसल्या. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती खोलीच्या मधोमध, स्लॅबच्या पोटावर न ठेवता खांबांच्या किंवा भिंतींच्या माथ्यावर ठेवावी.

भेग छपराची की पायाची?

वऱ्हाडात छप्पर बदलण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा. घर काळ्या मातीवर आहे का? ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्याबरोबर पाया हलतो, भिंत फाटते आणि छताच्या कडेने पाणी शिरतं. घरमालक छपराला दोष देतो, हजारो रुपये गच्चीवर घालतो, आणि पुढच्या वैशाखात तीच भेग पुन्हा उघडते.

भेगेची दिशा आणि तिचा ऋतू पाहिला की उत्तर मिळतं. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसात मिटणारी भेग पायाची. स्लॅबच्या लगत खाली, भिंतीला आडवी गेलेली भेग बहुतेक वेळा उष्णतेची. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने साधारण तीन मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. वऱ्हाडच्या उन्हात हे रोज घडतं. अशा भेगेला लवचीक भरण आणि गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप पुरतो. स्लॅबच्या पोटात, मधोमध, खालच्या बाजूने फाकलेली भेग मात्र भाराची. ती दिसली तर वरचं सामान त्याच दिवशी उतरवावं. कोणतीही भेग असो, तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. महिन्याभराने ती खुणेच्या पुढे गेली का, एवढं पाहणं कुणालाही जमतं.

कधी पाहावं, कधी ठरवावं

आपण छपराकडे पाहतो ते पहिल्या पावसात, आणि तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. ओल्या धाब्यावर चढणं धोक्याचं, मिस्त्री मिळत नाही, माल महाग. पाहणीच्या वेळा वर्षातून तीन ठेवाव्यात. होळीच्या सुमारास, वादळापूर्वी, हुक, पाइप आणि झाडं. झडीच्या दिवसांत, घरात राहून, पाणी कुठून येतं आणि ओल कुठवर पसरते याच्या खुणा. आणि दसरा-दिवाळीत, मयालीचा बाक, भेगा आणि सळईचे डाग.

निर्णय दिवाळीत व्हावा, यामागे व्यवहारही आहे. कापूस घरात येतो, पैसा हातात असतो, आणि पुढे कोरडे महिने आहेत. स्लॅब टाकायचा तर पौष-माघ उत्तम. उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि आज बाजारात बहुतेक मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला चौदा दिवस ठेवणं चांगलं. मे महिन्यात पिण्याच्या पाण्याची मारामार असताना हे होत नाही. तहानलेला स्लॅब जन्मतःच कच्चा राहतो.

शहरात राहणाऱ्यांना कायद्याचाही आधार आहे. महानगरपालिका हद्दीत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी होते: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नोटीस आली की ती भाडेकरू-मालकांच्या भांडणात फाइलबंद होते. ती कुणी का पाठवली असेना, आत माणसं राहत असतील तर आधी वाचायची ती वर्गवारी. खेड्यात पावसाने पडझड झाली तर काहीही हलवण्याआधी फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. अंशतः पडझडीच्या मदतीसाठी घराचं किमान १५ टक्के नुकसान झाल्याची नोंद लागते.

काही खुणा मात्र दिवाळीची वाट पाहू देत नाहीत. कोरड्या दिवशीही मयालींमधून मातीची धार लागणं, लाकडाचा कडकड आवाज, कालपर्यंत लागणारं दार आज चौकटीत अडकणं, भिंतीला पोट सुटणं, स्लॅबचं ढेकूळ पडणं, रात्रीतून भेग रुंदावणं. यांतलं एक जरी दिसलं, तरी त्या खोलीत त्या रात्री झोपू नये. लेकरं, म्हातारी माणसं आणि गोठ्यातली जनावरं आधी बाहेर काढावीत. सामानाचं नंतर पाहता येतं.

बाकी निर्णय साधा आहे. छप्पर पाणी सोडत असेल आणि सांगाडा धड असेल, तर दुरुस्त करा, आणि दुरुस्त करताना वजन वाढवू नका. सांगाडा भार सोडत असेल, तर ते गळत नसलं तरी बदला, आणि बदलताना पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या आधी त्याला धरून ठेवणाऱ्या खांब-भिंतींवर पैसा घाला. यंदाच्या दिवाळीत घर झाडाल, रंगवाल, तेव्हा एक दाभण, एक हातोडी आणि एक दोरी घेऊन अर्धा तास वर पाहा. घरातल्या सगळ्यांच्या झोपेसाठी एवढा वेळ द्यायलाच हवा.